तारेवर वाजणारं नख

"सिस्टर, ती आडवी लावा. मन्हा बोटले सरळ काहीच बसत नही."

माझा धाकटा भाऊ हेमंत याच्या तोंडून मी नीट ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. ऑक्सिजन मोजायची चिमटी त्याच्या बोटावर टिकत नव्हती. नर्स बिचारी एक बोट सोडून दुसरं धरायची, चिमटी घसरायची, आकडा यायच्या आत मशीन पुन्हा रिकामं दिसायचं. हेमंतला धाप लागलेली, तरी त्याने हात थोडा कलता केला आणि चिमटी बोटाच्या कडेवर कशी बसवायची ते दाखवलं. ती बसली. आकडा आला आणि नर्सचा चेहरा उतरला... मी मात्र क्षणभर खूश झाले होते, चिमटी बसली म्हणून. आता दोन महिने होत आले, पण त्या खुशीची आठवण झाली की मला भाकरी गिळवत नाही.

त्याच्या बोटांबद्दल सांगितल्याशिवाय हेमंत सांगता येणार नाही. आमच्या लोणखेड्याच्या घरात ही बोटं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. टोकाला फुगलेली, गोल, आणि नख वर सपाट न राहता पुढून खाली वाकलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. आजोबांची तशी, आमच्या वडिलांची, आप्पांची तशी, हेमंतची तशी. मी आईवर गेले, माझी नखं चारचौघींसारखी. लहानपणी मला याचं वाईट वाटायचं. पाहुणे आले की हेमंतचा हात हातात घेऊन म्हणायचे, "हाऊ खरा आप्पाना पोऱ्या," आणि मी आपली पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ती बोटं म्हणजे आमच्या घराचा शिक्का, असंच सगळे समजत होते. त्यात काळजी करण्यासारखं काही असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. आणि काळजी करण्यात मी कोणाला हार जाणारी नव्हे, हे माझ्या सासरी कोरीटला कोणीही सांगेल.

बेस गिटार त्याच्या हातात कशी आली, तर सुरतेहून. कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी तो कोणाची तरी वापरलेली गिटार घेऊन आला. शहाद्यात शिकवणारं कोणी नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा आणि समोर बसायचा. व्हिडिओतला माणूस बोटाच्या मऊ टोकाने तार ओढायचा आणि खालून भरीव, पोटात जाणवणारा सूर यायचा. हेमंत तसंच करायचा, पण त्याच्या बोटाचं मांस तारेला लागायच्या आधी वाकलेलं नख लागायचं. प्रत्येक सुराच्या आधी एक 'टक'. नख बारीक कापावं म्हटलं, तर मांस नखाच्या टोकापर्यंत आलेलं, कापलं की रक्त. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, ती घामाने सुटायची. गावातल्या ऑर्केस्ट्रात त्याला घेतलं खरं, पण धानोऱ्याच्या एका लग्नात तो टक मोठ्या स्पीकरमधून मांडवभर वाजला. ऑर्केस्ट्रा चालवणारे संजूभाऊ गाणं संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "हेमंत, तुन्हा बेसमा घड्याळ बसाडेल शे का?" सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर मात्र त्याने गिटार कपाटावर टाकली आणि महिनाभर काढली नाही.

ती पुन्हा खाली आली ती आप्पांच्या शर्टामुळे. आप्पांना बटण लावताना आम्ही रोज बघत होतो, पण बघितलं हेमंतने. बोटाचं टोक काजात जात नसे, म्हणून आप्पा हात कलता करून बोटाच्या कडेने बटण सरकवायचे. नख कुठे मध्ये यायचंच नाही. हेमंत चहा तसाच टाकून उठला. मनगट खाली आणलं, बोटं तारांवर जवळजवळ आडवी टाकली आणि अंगठ्याकडच्या कडेने तार ओढली. टक नाही. सूर एवढा गोल आला की चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आते कसं बरं वाटी ऱ्हायनं." पुढे त्याला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं. बोटाची टोकं जाड, म्हणून शेजारच्या तारेला धक्का लागायचा. मग त्याने पाच तारांचा नाद सोडला, चार तारांचीच ठेवली, कारण तिच्यात तारांमध्ये जागा जास्त. आणि कार्यक्रमाच्या आधी नखाची चोच घासायची. त्यासाठी सुतार वापरतात त्या बारीक पॉलिश पेपरचा तुकडा गिटारच्या पिशवीत कायम असायचा. घासायचा, एकदा तार ओढून कान द्यायचा, परत घासायचा. खसखस, मग सूर. पुढे नवरात्रात गरब्याला गुजरातेतून बोलावणी यायची ती 'तो आडव्या हाताचा बेसवाला' आणा म्हणून.

मग अलीकडे कधीतरी टक परत आला. हेमंतला वाटलं, वयाने नख जाड झालं. तो जास्त घासायला लागला, हात आणखी कलता करायला लागला, आणि तरी येतोच म्हटल्यावर बोटं सोडून नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला. एव्हाना त्याला स्पीकर उचलून गाडीत ठेवला की बसावं लागायचं. खोकला होता. मी दर फोनवर मागे लागायची, डॉक्टरकडे जा. तो म्हणायचा, "ताई, तू कोरीटले ऱ्हास, पन तुन्ही चिंता लोणखेडाले मुक्कामले ऱ्हास." गेला, औषधं घेतली, थंडीचा खोकला म्हणून आणली, धुळीचा म्हणून आणली. आप्पांनाही असाच खोकला होता आणि तो आम्ही बिडीच्या नावावर टाकला होता. हेमंतने तर कधी बिडी हातात धरली नव्हती.

नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीआधी त्याचे हात पाहिले. दोन्ही हातांची बोटं नखाला नख लावून उजेडात धरायला सांगितली. आपण धरली तर मध्ये चौकोनी फट दिसते, त्याच्या नखांमध्ये काहीच दिसलं नाही. "हे कधीपासून?" मी म्हटलं, जन्मापासून, आमच्या घरात सगळ्यांना. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत असतं तसं, त्याचा त्रास नसतो. पण फुफ्फुसं बिघडली की नखं अशीच व्हायला लागतात. आधीच्यापेक्षा आकार बदललाय का, एवढंच सांगा. वहिनी, हेमंतची बायको, माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. रोज दिसणारी नखं, कोण सांगणार? हेमंत म्हणाला, "बदललाय. मी अंगठ्याने वाजवायला लागलो, त्याच्या थोडं आधी." म्हणजे घराण्याच्या वाकड्या नखांच्या आड आजाराची वाकडी नखं वाढत गेली, आणि ती फक्त तारेला कळली होती. आम्ही खाली आलो तेव्हा तो स्वतःचा हात बघत होता. म्हणाला, "ताई, रेणुकानं काय?"

रेणुका त्याची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. बोटं थेट आजोबांची. बेसही तीच वाजवते, बापासारखा आडवा हात टाकून. हेमंतचा तो प्रश्न तो गेल्यावर माझ्या घरी राहायला आला आणि उठायचं नाव घेत नाही. मी शाळेत शिक्षिका आहे. सोमवारी मुलांची नखं तपासतो, स्वच्छतेसाठी. हल्ली मी मळ बघतच नाही, आकार बघते, आणि मुलं उगाच हात मागे लपवतात. यजमानांनाही बोटं जोडून उजेडात धरायला लावलं, ते जेवणाच्या ताटावर तसेच हात धरून बसले. वेडेपणा आहे, मला कळतं. पण रेणुकाला समोर बघितलं की माझी नजर तिच्या तोंडाआधी हातावर जाते. तेराव्यानंतर मी तिला म्हटलं, छातीचा फोटो काढून घेऊ. ती आत्याला फुई म्हणते. म्हणाली, "फुई, मन्हा बोटं ल्हानपनपाईन असाच शेतस." अगदी हेच मी नाशिकला म्हटलं होतं... मी तिथेच रडायला लागले. मग ती मुकाट्याने चप्पल घालून निघाली.

नंदुरबारला फोटो काढला. बाकावर बसलो होतो तेव्हा ती ओढणीचं टोक बोटाच्या कडेने पिळत होती, आप्पा बटण सरकवायचे तशी. फोटो चांगला निघाला. छाती साफ. डॉक्टर म्हणाले, आज काही नाही, मजेत राहा, नखांचा आकार बदलला किंवा धाप लागली तर मात्र या. वहिनीने पेढे घेतले. मी पेढा हातात धरून विचार करत होते, बदलला हे कळणार कोणाला? एस.टी. स्टँडवर रेणुकाला तसं म्हटलं. तिने आपली बोटं उघडून पाहिली. मग म्हणाली, "मी रोज वाजाडस ना. नख तारले लागनं की माले कळी. तुले बी ऐकाडसू."

तेव्हापासून रविवारी सकाळी तिचा फोन येतो. फोन खाटेवर ठेवून ती बापाचीच गिटार वाजवते, आणि मी इकडे मिक्सर, पंखा, टीव्ही सगळं बंद करून ओट्याशी उभी राहते. मला संगीतातलं काही कळत नाही. कोणतं गाणं आहे हेही मी ऐकत नाही. मी फक्त सुराच्या आधीची जागा ऐकते. तिथे शांत असलं की मला आठवडाभर भाकरी गोड लागते. मागच्या रविवारी तिसऱ्याच सुराला आवाज आला. टक. माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. तीही थांबली होती.

"फुई?"

"आयकी ऱ्हायनू."

"नख वाढेल शे. परीक्षा व्हती, घासेलच नही. थांब."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. हेमंतचा तो पॉलिश पेपर तिने अजून त्याच कप्प्यात ठेवला आहे. दोन्ही कडांना झिजून झिजून त्याच्या नखाएवढी वळणं पडली आहेत, आणि रेणुका म्हणते की त्यात तिचं बोट बरोबर बसतं. मग खसखस ऐकू यायला लागली. तोच आवाज, तसाच थोडा घासून थांबायचा, परत सुरू व्हायचा. हेमंत माजघरात बसलाय आणि कार्यक्रमाला निघायची घाई आहे, असं वाटलं... मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर तो खरंच तिथे आहे असं वाटलं असतं, आणि मला त्या वेळी रेणुकाच हवी होती.

खसखस थांबली. तिने तार ओढली. सूर आला, नुसता सूर.

"आयकं ना?" ती म्हणाली.

"हा," मी म्हटलं. "अजून एकदाव वाजाड."