भाकरीचं पुढं काय होतं

डबा उघडला की सर आधी भाकरीचा एक कोपरा मोडायचे, तो वर धरायचे आणि आम्हा सगळ्यांकडे बघत विचारायचे, "आता सांगा, हिचं पुढं काय होतंय?"

मानवतच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या शेजारी, त्यामुळे या प्रश्नाला तोंड देणं माझ्याच नशिबी.

"पोटात जाते, सर. जेवू द्या आता."

"पोटात तर जातीच हो. त्याच्या पुढं?"

मग ठेच्याची बोटं तशीच धरून मला त्यांच्याबरोबर पेशीपर्यंत जावं लागायचं. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. रोज वैताग आणतो, आणि तो रजेवर असला की जेवण जात नाही.

सायट्रिक आम्लाचं चक्र त्यांनी कधी फळ्यावर शिकवलं नाही. खो-खोची फक्की घेऊन मैदानात मोठं रिंगण आखायचे आणि अकरावीच्या पोरांना कार्बन करायचे. चौघं हात धरून जागेवर उभे. बाहेरून दोघं यायचे, हे भाकरीतले. झाले सहा. सहाही जण रिंगणावरून चालू लागायचे. वाटेत दोघं एकेक करून मोठ्यानं श्वास सोडत रिंगणाबाहेर पडायचे, तो कार्बन डायऑक्साइड. चालता चालता हातातले ज्वारीचे दाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन, बाहेरच्या पोरांना द्यायचे, आणि ती पोरं ते घेऊन व्हरांड्याकडे पळायची.

"खरी ऊर्जा तिथं बनती, व्हरांड्यात," सर ओरडून सांगायचे. "ऑक्सिजन तिथं बसलाय. आन् हे चौघं परत जागेवर पाहिजेत. न्हाईतर पुढचा घास घ्यायला कोण हाय?"

त्या तासाला माझा अख्खा वर्ग खिडकीला लटकलेला असायचा. माझे मोसमी वारे कोण ऐकतो? मी चिडायचो, आणि पोरांच्या मागं उभा राहून थोडं बघूनही घ्यायचो.

मग त्यांची एकुलती एक मुलगी आमच्याच कॉलेजात अकरावीला आली. सरांनी तिला चौघांत उभं केलं. अर्धं रिंगण झालं आणि ती फक्कीवरच बसली.

"ऊठ माय, चाक थांबलंय."

ती उठली, चार पावलं चालली, परत बसली. पोरं हसली. सरही हसले.

पण पुढं ती जिन्यात थांबायला लागली. दुपारपर्यंत तिच्या पापण्या खाली यायच्या. सर मात्र ठाम होते. "इंधन कमी पडायलंय, सर. दुसरं काय न्हाई." डिंकाचे लाडू झाले, खारका झाल्या, वरून तूप. मधल्या सुट्टीत ते स्वतः तिच्या बाकाशेजारी उभे राहून दोन भाकरी संपवून घ्यायचे. ती बिचारी चावता चावताच दमायची.

शेवटी हैदराबादला नेलं. परत आले त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

"इंधन लय होतं, सर," ते म्हणाले. "बिघाड व्हरांड्यातच हाय. पेशीत ऊर्जाच बनत न्हाई तिच्या."

"औषध?"

"हे असलं जडलं की औषध न्हाई म्हणायलेत." मग म्हणाले, "आन् मी तिला ऊठ म्हणायलो होतो."

पुढच्या वर्षी मैदानात रिंगण आखलं गेलं नाही. दिवाळीनंतर पोर गेली.

चौदावा झाल्यावर सर कामावर आले. मधल्या सुट्टीत बंद डब्यावर हात ठेवून बसून राहिले. घरीही जेवत नव्हते, असं त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी माझ्या भाकरीचा कोपरा मोडला आणि त्यांच्यापुढं धरला.

"सांगा सर. हिचं पुढं काय होतंय?"

मला वाटलं, उठून जातील. पण ते बोलायला लागले, अगदी हळू. दात, आतडं, साखर, रक्त. मग ते दोघं कसे येतात, चौघं त्यांना कसे घेतात. श्वासापाशी आले आणि थांबले.

"त्या दिवशी सकाळी माझ्या हातची दोन चमचे पेज घेतली तिनं. दुपारी शेवटचा श्वास सोडला, तवा मी तिच्या तोंडाशी गाल लावून बसलो होतो. मला कळायलं होतं सर, त्यात काय हाय ते. माझीच पेज मला परत द्यायली होती ती."

त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

त्या वर्षअखेरीला स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते राणीसावरगावला, आपल्या गावी गेले. फोन उचलत नाहीत. नव्या मॅडम चक्र पडद्यावर दाखवतात, छान शिकवतात. माझ्या तासाला आता खिडकीकडे कुणी बघत नाही, आणि मला ती शांतता सोसत नाही.

डब्यातल्या भाकरीचा एक कोपरा रोज घरी परत येतो. बायको विचारते, एवढाच कसा उरतो हो? मी म्हणतो, भूक नव्हती.