झोपेत दात खाणारी बाई

माझ्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती तेवढ्यात सासूबाईंनी निदान करून टाकलं: सुनेच्या पोटात जंत आहेत. कारण काय, तर मी झोपेत दात खात होते. आमच्या लोकांत झोपेत दात खाणाऱ्याला दुसरा आजार असूच शकत नाही. सासूबाई बारवी धरणाकडच्या गावातल्या. तिथून त्यांनी वावडिंग मागवलं, काढा केला आणि मला सकाळी उपाशीपोटी समोर बसवून पाजला. कडूजहर. मी मुकाट्यानं प्यायले, कारण माहेरी माझी आईही हेच सांगायची.

जंत काही गेले नाहीत. असते तर गेले असते ना. मग त्यांनी दुसरं कारण शोधलं. पोटात राग असला की माणूस रात्री दात खातं, म्हणे. चहा घेता घेता मला विचारायच्या, "कुणावर खातेस गं एवढे दात?" आता मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, मी राग पोटात ठेवणारी बाई नाही. जे काय असेल ते दिवसाउजेडी तोंडावर बोलून मोकळी होते, रात्रीसाठी शिल्लक ठेवत नाही. पण हे सासूबाईंना कोण सांगणार?

आवाज मात्र मोठा असायचा. जात्यात खडा आल्यावर होतो तसा, हे सांगायचे. हे म्हणजे आमचे हे. अंबरनाथला कंपनीत होते, पहिल्या पाळीला पहाटे उठून जायचे. हेंद्रेपाड्यातलं आमचं घर वन बीएचके, हॉलमधल्या कॉटवर सासूबाई आणि आत आम्ही. मी दात खायला लागले की हे झोपेतच माझ्या गालावर हात ठेवायचे, म्हणायचे, "अगं, कूस बदल." मी कूस बदलायची, आवाज थांबायचा. असं कितीतरी वर्षं चाललं आणि यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

सासूबाई गेल्या आणि कॉट रिकामी झाली. काही दिवसांनी हे म्हणाले, "पहिली पाळी आहे, झोप होत नाही. चार दिवस बाहेर झोपतो." मी म्हटलं, "झोपा की." खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. आपल्यामुळे दुसऱ्याची झोप मोडते याचं ओझंच असतं मनावर. ते चार दिवस काही संपले नाहीत. पाळ्या बदलल्या, मुलगी लग्न होऊन गेली, हे रिटायर झाले, तरी कॉट तिथेच आणि हे तिच्यावर.

माझं काय गेलं ते मला फार उशिरा कळलं. दिवसा यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे मारामार. पण दिवा घालवला की हाच माणूस बोलायला लागायचा. कंपनीतल्या लोकांच्या नकला करायचा, लहानपणी नदीत बुडता बुडता कसा वाचला ते सांगायचा, घाबरलोय म्हणायचा, मुलीच्या लग्नाचं कसं व्हायचं म्हणायचा. उजेडात असलं काही बोलायची यांची टापच नव्हती. हे बाहेर गेले आणि ते सगळं बोलणं बंद झालं. आम्ही भांडलो नव्हतो, कुणी कुणावर रुसलं नव्हतं. म्हणून तर कुणाला काही विचारायचंही सुचलं नाही.

मग माझा कान दुखायला लागला. कानाच्या डॉक्टरनं आत बॅटरी मारून पाहिलं, म्हणाला, कान स्वच्छ आहे. थेंब घातले, शेक घेतला, लसूण घालून तेल केलं. जेवताना कानाशी कट्‌ कट्‌ वाजायचं. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या दुकानासाठी मी साड्यांना फॉल-पिको करून देते. एकदा साड्या पोचवायला गेले तर शेठाणीनं दाल-पकवान पुढे केलं. कडक पकवान, मोठा आ केला आणि तोंड मिटेचना. डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं, बोलता येईना. शेठाणीनं हात धरून शेजारच्याच गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं.

पोरगी माझ्या मुलीएवढी. तिनं दोन्ही अंगठे आत घालून जबडा खाली दाबला, मागे ढकलला आणि जागेवर बसवला. मग कानापुढे बोटं टेकवून मला हळूहळू तोंड उघडझाप करायला लावलं. म्हणाली, "आंटी, दुखतोय तो कान नाही, जबड्याचा सांधा आहे. रात को दांत पीसते हो?"

"खाते की," मी म्हटलं. "जंत आहेत माझ्या पोटात."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

ती हसली, मग तिलाच कसंतरी वाटलं असावं. आरसा हातात देऊन तिनं मला माझ्या दाढा दाखवल्या. झिजून सपाट झाल्या होत्या. जंतांचा यात काही संबंध नाही, म्हणाली, आणि झिजलं ते आता परत येत नाही. दातांचं माप घेऊन ती रात्री घालायचा एक गार्ड करून देणार होती. शेक घ्या, मऊ खा, जांभई देताना हनुवटीला हात लावा, असं बरंच सांगत होती. माझं लक्ष एकाच वाक्यावर अडकलं. गार्ड घातला की दातावर दात घासणार नाही, आवाज येणार नाही.

रिक्षात बसून मी रडले. एवढासा प्लास्टिकचा तुकडा. कुणाला शिव्या द्याव्यात तेही कळेना. सासूबाईंनी वाईट चिंतलं नव्हतं, यांनी तर कधी आवाजही चढवला नव्हता. दात दुखत नव्हता, मग दातांच्या डॉक्टरकडे जायचं आमच्या कुणाच्या डोक्यात कुठून येणार?

गार्डनं दुखणं हळूहळू कमी झालं. हे म्हणाले, "बरं झालं." मी वाट पाहिली.  शेवटी एक दिवस भाजी निवडता निवडता, खाली मान घालून मीच म्हटलं, "अहो, आता आवाज येत नाही. आत झोपलात तरी चालेल." या वयात असलं बोलायचं म्हणजे लाज वाटते हो.

"हो? झोपतो की," हे म्हणाले आणि त्या रात्री उशी घेऊन आत आले. मी धुतलेली चादर घातली होती. दिवा घालवला. गार्ड घातला की मला नीट बोलता येत नाही, म्हणून तो डबीतच ठेवून मी वाट बघत पडले.

"गॅस बंद केलास ना?"

"केला."

"उद्या पाणी नाही म्हणे."

"भरून ठेवलंय."

 मीच विषय काढायचा म्हणून विचारलं, "कंपनीत डबा खायला तुमच्या जोडीला असायचे ते हल्ली कुठे असतात हो? गणपतीला यायचे ते?"

"अगं, तो वारला ना. झाली की बरीच वर्षं. तुला सांगितलं होतं मी."

नव्हतं सांगितलं. यांचा एवढा जवळचा माणूस गेला हे मी विसरले नसते. पण हे खोटंही बोलत नव्हते. यांना खरंच वाटत होतं, सांगितलंय म्हणून. बाहेर कॉटवर पडल्या पडल्या मनातल्या मनात मलाच सांगितलं असेल.

आणखी काय काय सांगितलंय मला, ते विचारायला मी कुशीवर वळले, तोवर यांचा डोळा लागला होता.