बिनरंगाचं औषध

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला बैठ्या चाळीत राहायचो. मी आठेक वर्षांची होते आणि माझ्या अंगावर सारखं पित्त उठायचं. ओठ सुजायचे, पाठभर गांध्या यायच्या. आई आमसुलाचं पाणी चोळायची. तिनं माझं वांगं बंद केलं, मग अंडं, मग हरभऱ्याची डाळ. उपयोग शून्य. शेजारच्या काकू आपल्या मुलींना सांगायच्या, "तिच्याजवळ बसू नका गं, लागेल." त्या मुली सागरगोटे खेळायच्या आणि मी आमच्या दारातून बघायची.

स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंनी खाजेवर गुलाबी औषध दिलं. ते घेतलं आणि माझे डोळेच मिटले, इतकी सूज आली. आई मला घेऊन तशीच परत गेली. "बाई, तुमच्या औषधानं पोरीची वाट लागली!"

बाई चिडल्या नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, "आधी पित्त उठलं तेव्हा काय काय खाल्लं होतंस? आठव बघू."

लग्नातली जिलबी. लाल सरबत. रंगीत गोळ्या. आठवेल तसं मी सांगत गेले. बाईंनी बाटली उजेडात धरली.

"हा रंग मीच घातलाय. रंगाशिवाय लोकांना औषध वाटतच नाही. चुकलं माझं."

त्यांनी तेच औषध बिनरंगाचं करून दिलं. आई म्हणाली, "हे तर पाणी दिसतंय. गुण येईल?"

"नाही आला तर पुन्हा भांडायला या."

गुण आला. रंगाचं खाणं सुटलं, तसं पित्तही गेलं. पुढे बाई चाळीत कुणाला तरी तपासायला आल्या, तेव्हा सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन काकूंना म्हणाल्या, "हे लागत बिगत नाही हो. हिला रंग सोसत नाही, एवढंच." औषधापेक्षा त्या हातात घेतलेल्या हाताचे उपकार मला मोठे वाटतात.

दिवाळीत काकू स्वतः ताट घेऊन आल्या. त्यात बुंदीचे फिकट लाडू होते.

"रंग घालायच्या आधीच तुझं पीठ बाजूला काढलं. खा गं."

लाडू जरा कडक झाले होते. मी दोन खाल्ले. काकूंच्या मुली मला खेटून बसल्या होत्या आणि माझ्या अंगावर काही उठतंय का, ते डोळे फाडून बघत होत्या. काही उठलं नाही.