अंगचं तेल

फोन आला तेव्हा बांगड्यांना हळद-मीठ लावून मी ताटली झाकून ठेवली होती. भाऊ चार दिवस मुलीकडे अकोल्याला गेले होते आणि दुपारच्या गाडीने परत येणार होते. बुधवार होता. आल्या आल्या पिशवी टेकवून "आज काय भेटलं बाजारात?" असं विचारणार, हे मला ठाऊक होतं. फोन आमच्या यांनी घेतला. "हो... हो... कधी?" एवढंच बोलले आणि ओट्याला धरून उभे राहिले. सकाळी चहा पिता पिता भाऊंच्या हातातला कप सुटला होता. मुलगी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनी बडनेरा स्टेशन गाठलं. निघताना ताटली शेजारच्या कमलबाईंच्या हातात दिली. "माय वं, याचं काय करू मी?" त्या म्हणाल्या.

भाऊ माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ. रेल्वेतून रिटायर झालेले. मी भातकुलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन बडनेऱ्याला आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर अन् तोंड बंद. पुढे आमच्या घरातल्या बऱ्याच रीती मोडल्या आणि त्या भाऊंनीच मोडल्या. बुद्धविहारात बायांना पुढे बसवा म्हणून भांडणारा माणूस तो. पण ही एक रीत माझ्याकडून मोडली नाही, कारण मला तिची सोय होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार माणसांत तोंड उघडायला घाबरणारी. न बोलणं ही रीतच आहे म्हटल्यावर माझी लाज त्यात झाकून जायची.

जाऊबाई वारल्या आणि भाऊ आमच्यात जेवू लागले. तेव्हा माझी लेक नीता मध्ये असायची. "नीते, आईले म्हण भाजी मस्त झाली," असं ते तिला सांगत, मी समोरच वाढत असताना. नीताचं लग्न झालं आणि मधलं माणूसच गेलं. मग भाऊ भिंतीशी बोलू लागले. "भिंतबाई, आज वरणात मीठ टाकाले इसरल्या काय?" मी पदरात हसायची आणि मिठाची वाटी सरकवायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग त्यांना हार्टचा त्रास झाला. अमरावतीच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरबाईंनी खाण्याचं सांगितलं. तरुण होत्या, भराभर बोलायच्या. "काका, तळलेलं बंद, तूप कमी. आठवड्यातून दोनदा मासा खा. तेलकट मासा. बांगडा मिळतो ना तुमच्याकडे? नाहीच मिळाला तर जवसाची चटणी रोज खा." मी दाराशी उभी होते. तळलेलं बंद आणि मासा मात्र तेलकट, हे मला उमजलं नाही. विचारावं असं ओठांपर्यंत आलं. पण आत पाच-सहा माणसं होती... नाही विचारलं. घरी येता येता माझं मीच कोडं सोडवलं. माझी आई सुंठ नेहमी तुपातून द्यायची. कोरडी सुंठ बाधते म्हणायची. तसंच मासा औषध म्हणून द्यायचा तर तेलातून द्यायचा असेल. बाकी सगळं कोरडं, मासा तेवढा तेलात.

आम्ही नदीचा, तलावाचा मासा खाणारी माणसं. रोहू, मरळ, फार तर सुका बोंबील. बांगडा समुद्राचा. तो बर्फात बसून आमच्याकडे येतो. बाजारातल्या मासोळीवाल्या मावशीने मला तो पारखायला शिकवला. डोळा काचेसारखा पाहिजे, कल्ला लाल पाहिजे, पोट दाबलं तर बोट रुतलं नाही पाहिजे. मी घरी आणून त्याची साल खरवडून काढायची, बेसनात घोळवायची आणि कढईभर तेलात सोडायची. दर बुधवारी आणि रविवारी, चार महिने. घरात दुसरं काही तळत नव्हते, त्यामुळे वाचलेलं तेल सगळं त्या माशाच्या वाट्याला. भाऊ ताटात एक तुकडा ठेवत नसत. एकदा त्यांची खोली झाडताना खाटेखाली वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद सापडले, तेलाने पारदर्शक झालेले. ते ताट खोलीत नेऊन मासा कागदात दाबून खात होते. मला फार लागलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अवं, त्याइले तेल जास्त वाटत असन." माझ्या डोक्यात तरीही उजेड पडला नाही. औषधाचं तेल आहे आणि भाऊ ते फेकून राहिले, एवढंच वाटलं.

चार महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टरबाईंनी कागद पाहून कपाळाला आठी घातली. "काका, चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मासा कसा खाता?" यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "तळून खातो. मीच सांगतो घरी, तळून द्या म्हणून. जीभ आयकत नाही."

त्या जाम रागावल्या. "अहो, तेल माशाच्या अंगातच असतं! त्याला तेलकट मासा म्हणतात. ते तेल हृदयाला चांगलं. तुम्ही कढईत टाकता तेव्हा त्याचं तेल कढईत जातं आणि कढईतलं त्याच्यात येतं. मग राहिलं काय?" भाऊ शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून ऐकत होते. मी दाराची चौकट धरून ऐकत होते.

पुढच्या बुधवारी मी मासे धुवायला बसले तर भाऊ स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन आले. इतक्या वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. "आज म्या सांगतो, तू कर," म्हणाले. भिंतीला नाही, मला. तरुणपणी कल्याणला नोकरीवर असताना त्यांच्या खोलीत कोकणातला एक माणूस राहायचा, त्याच्याकडून ते बांगडा करायला शिकले होते. "साल काहाडू नको. तेल सालीखालीच रायते. पोटातला काया पडदा तेवढा काहाड, थो कडू लागते." मी तो काळा पडदा काढला, अंगावर तीन चिरा दिल्या, हळद-मीठ लावलं. कोकम घरात नव्हतं. मी आंबाडीची पानं उकडून पिळून ठेवली होती भाजीसाठी. ती दाखवली. भाऊ जरा विचारात पडले, मग म्हणाले, "चालते. आंबटाशी मतलब." लसूण, हिरवी मिरची, कांदा ठेचून आंबाडीत घातला, ते सगळं पातेल्यात, म्हणजे आमच्या गंजात, पेलाभर पाणी, वरून मासे, झाकण. "आता पया लावू नको, मोडते. गंज धरून हालव नुसता." मी पळी खाली ठेवली. तेलाचा थेंब टाकला नव्हता. झाकण काढलं तर रश्श्यावर बारीक सोनेरी ठिपके तरंगत होते. "हे पाय," भाऊ म्हणाले, "हे त्याच्या अंगचं."

ते ठिपके पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

भाऊंनी गंजावर झाकण परत ठेवलं. "इतक्या वर्षांत तुले सरळ एक गोष्ट नाही सांगतली म्या. पयलीच सांगाव, अन् ते तुही चूक सांगाव... नाही जमलं."

त्यानंतर आम्ही बोलू लागलो. फार मोठं काही नाही. आंबाडी जून झाली, बांगडा महाग झाला, जवस भाजताना जळला, असलंच. पुढच्या तपासणीत चरबी उतरली आणि उतरलेलीच राहिली. ती वर्षं मला फार चांगली गेली. पण त्या चार महिन्यांबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. रोज समोर जेवणाऱ्या माणसाची माफी कधी मागायची, ते कळलं नाही.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर काही दिवसांनी यांची रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंना भाऊंचं कळलं होतं. त्या हळहळल्या आणि सहज म्हणाल्या, "पहिल्या वेळी फार जिभेचे हट्टी होते काका. नंतर मात्र सुधारले."

मी दाराशीच उभी होते. खोलीत यांच्याशिवाय अजून दोन पेशंट होते. पण मी गप्प राहिले असते तर भाऊ त्यांच्या लेखी तसेच राहून गेले असते, हट्टी, जिभेचे... ते मला सोसवलं नाही. "मॅडम," मी म्हटलं, "ते नाही सांगत होते तळाले. मीच तळत होती. तुमी तेलकट मासा म्हटलं, मले वाटलं तेलात करा लागते. ते माह्यासाठी खोटं बोलले." हे माझ्याकडे पाहतच राहिले. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता. तसाच पुढचा प्रश्न विचारून टाकला. "त्याच्यानंच झालं काय मॅडम त्याइचं?"

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "खरं सांगू, मावशी? मला ते सांगता येणार नाही. त्या चार महिन्यांनी चांगलं केलं नाही, हे नक्की. पण त्यामुळेच झालं, असं कोणीही म्हणू शकणार नाही." मग म्हणाल्या, "चूक माझीही होती. मी नीट सांगायला हवं होतं."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी तिथेच खाली बसेन. तसं झालं नाही. भाऊंनी एकदा खोटं बोलून मला सोडवलं होतं. दुसऱ्यांदा कोणी तसं केलं नाही, ते बरंच झालं. जेवढं माझं आहे तेवढं माझ्यापाशी राहू दे.

काल बुधवार होता. यांना शेपटीकडचा तुकडा लागतो, त्यात काटे कमी. डोक्याकडचा भाऊ घेत, आणि तो संपवायला त्यांना अर्धा तास लागे. काल तो मी माझ्या ताटात वाढून घेतला. भाऊ बोटाच्या टोकाने गालाचं मांस सोडवत, तसं सोडवून पाहिलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं निघतं, पण गोड असतं. हे हात धुऊन आले तरी माझं चाललंच होतं.

"काहून, एवढा वेळ लागून राहिला?" यांनी विचारलं.

"लागते वेळ," मी म्हटलं. "बसा थोडं."