त्याच्या नावाची सव्वा मूठ

माझ्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला आणि आम्ही जळगावच्या दवाखान्यात राहायला गेलो, त्याला तिसरा महिना लागला होता. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. गर्दी करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून धरणगावकडच्या आमच्या गावाहून फक्त जेठ, म्हणजे माझे थोरले दीर, आणि जाऊबाई आल्या. आणि दोन शेजारणी, कारण रिक्षात जागा होती.

जाऊबाईंनी मास्क हनुवटीला लावला. मुलाचं टक्कल पाहून पदर डोळ्याला लावला आणि पदराआडून सगळी खोली न्याहाळून घेतली. मग मला म्हणाल्या, "डॉक्टर काय सांगस वं? श्रावणलोंग काही व्हवाव नही ना?"

मला वाटलं, श्रावणापर्यंतचं काळजीने विचारतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाया गेलं ते.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तान्ह्या मुलाच्यासुद्धा. पण भाऊबंदांत कोणी गेलं तर सुतक लागतं आणि त्या वर्षी कानबाई बसत नाही. सुरतेला कामाला गेलेले आमचे भाऊबंद तेवढ्यासाठी आधीच रेल्वेचं रिझर्वेशन करतात. जाऊबाईंना काळजी होती ती रिझर्वेशनची.

"आनि त्यानी मूठ लेवानी का नही?" त्यांनी विचारलं. "ली आनि मंग उलटंसुलटं व्हयनं, ते बठ्ठा घरले बाधस. नही ली, ते तू तोंड फुगाडशी."

तिकडे जेठ डॉक्टरांना दारात गाठून विचारत होते, "साहेब, महिनाभर तरी निघेल ना?" डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. केवढा हळवा काका, असं वाटलं असेल त्यांना.

मुलगा जागा होता. तोंड आलेलं, दोन दिवस बोलला नव्हता. तो आपली इवलीशी मूठ दाखवत म्हणाला, "माय, मनी मूठ धाकली शे म्हनीसन लेतस नहीत का?"

जेठांसमोर मी कधी बोललेली नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, पण माझा आवाज त्यांना ओळखू आला नसता. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हटलं, "भाऊ, मूठ ल्या. नही ते त्याना बापनीबी लेऊ नका."

नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याने होकाराची मान हलवली.

"वाचा फुटनी व माय!" जाऊबाई शेजारणींना म्हणाल्या. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचं येणं सार्थकी लागलं.

मूठ घेतली. नवरा गावी जाऊन समोर उभा राहिला, तेव्हा घेतली. कानबाई बसली, सुरतेची माणसं रोट खाऊन परत गेली. मुलाच्या पेशी हळूहळू वर आल्या.

आता जाऊबाई गावभर सांगतात, "मी मूठ ली म्हनीसन पोऱ्या वाचना." पाठीच्या मणक्यात सुई घेताना ज्याने माझा हात चावून काढला, त्याचं काहीच नाही. श्रेय गव्हाचं, आणि गव्हाचं श्रेय यांचं. डॉक्टर बिचारे उगाच एवढं शिकले.

उपचार अजून चालू आहेत. श्रावण पुन्हा आला आहे. त्याची मूठ घ्यायची का, असं या वेळी कोणी विचारलं नाही. तरी मी काल नवऱ्याला गावी पाठवलं. गहू मोजेपर्यंत तिथून हलू नको, म्हटलं.