शालूच्या कॉम्प्युटरची घरघर

अकोल्याहून फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात डाळ पाखडत होते. फोनवर माझे यजमान होते. "शालू गेली," एवढंच ते म्हणाले, मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मी सूप खाली ठेवलं आणि समोरच्या खोलीकडे धावले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, की ही बातमी मी शालूलाच सांगायला निघाले होते. घरात काहीही झालं की आधी तिला सांगायचं, अशी सवय. आत तिचा कॉम्प्युटर चालूच होता. अंगात ताप असताना, गाडीत बसता बसता ती मला बजावून गेली होती, "वहिनी, बंद नका करू बरं, काम चालू हाये त्याच्यात." खुर्ची रिकामी होती आणि कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरत होता, ती कामाला बसली की घरघरायचा तसाच.

शालू माझी धाकटी नणंद. नवऱ्याचं घर सोडून ती जऊळक्याला आमच्याकडे आली ती कायमचीच. तालुक्याला, मालेगावला एका दुकानात टायपिंग शिकली, तिथूनच जुना कॉम्प्युटर घेऊन आली आणि समोरच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देऊ लागली. दिवसभर माणसांची ये-जा. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. चहाचे कप मी दाराआडूनच पुढे सरकवायची. शालू सगळ्यांसमोर ओरडायची, "पाहा बापा, आमच्या घरी चहा आपोआप येते!" माणसं हसायची आणि मी आत पळायची. पण ती एकटी असली की मी तिच्याजवळ जाऊन बसायची आणि मनातलं सगळं बोलायची. ती कीबोर्ड बडवत हं हं करायची. मला वाटायचं ऐकत नसेल, पण दुसऱ्या दिवशी बरोबर तेच विचारायची.

उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर तापायचा, पंखा किंचाळायला लागायचा आणि मशीन मधेच बंद पडायचं. मग दुपारी सतरंजी टाकून ती डबा उघडायची आणि मी मोबाईलची बॅटरी लावून उजेड धरायची. पंखा आणि त्याच्याखालची ॲल्युमिनियमची जाळी काढली की खाली चौकोनी प्रोसेसर दिसायचा. त्याच्यावरची वाळलेली जुनी पेस्ट ती स्पिरिटच्या चिंधीनं पुसायची आणि बारीक पिचकारीतून नवी लावायची. "वहिनी, हे दोन्ही सपाट दिसतात, पण मधी बारीक बारीक हवा राह्यते. गरमी तिथंच अडकते. पेस्टनं ते फटी भरतात न मंग गरमी वर जाते." एकदा तिनं पिचकारी माझ्याच हातात दिली. मी बोटानं चांगला जाड थर दिला, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. ती पोट धरून हसली. "काय वो, चूल सारवून राह्यल्या काय? तुरीच्या दाण्याएवढी पुरते! वरून दाबलं का ते आपोआपच पसरते." मग सगळं पुसून माझ्याकडून पुन्हा करून घेतलं.

शालूच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. तिथं लावलेला तिचा हसरा फोटोही त्याच कॉम्प्युटरमधून काढला होता. आता त्याच्यावर कोणी काम करत नव्हतं, तरी यजमान रोज सकाळी त्याचं बटण दाबायचे. मी विचारलं तर म्हणाले, "पडून राह्यलं तर खराब होते." घरघर सुरू झाली की घर भरल्यासारखं वाटायचं. स्वयंपाकघरात माझा हात आपोआप चहात तिच्या वाट्याची साखर टाकायचा... मागून कोणीतरी हं म्हणालं असंही कधी वाटायचं. मी वळून पाहत नव्हते. पाहिलं असतं तर आवाज नुसता पंख्याचा झाला असता.

मग आवाज वाढत गेला आणि एक दिवस मशीन बंद पडलं. थोड्या वेळानं चालू केलं, पुन्हा बंद. यजमान घाबरले. "जळून जाईन ते. तिचे सारे फोटो त्याच्यात हायेत. तुले येते न ते? नाही तं मालेगावले नेतो."

मला येत होतं. पण आत होती ती पेस्ट शालूच्या हातची होती. परक्या माणसानं ती पुसावी हे मला सोसणार नव्हतं, आणि मी स्वतः पुसावी हेही नाही. दोन दिवस मी काहीबाही कारणं काढली. शेवटी दुपारी सतरंजी टाकली. जाळी काढली, तर पेस्ट मातीसारखी भेगाळली होती. एका कडेला जरा जास्तीची बाहेर आली होती आणि तिथं तिच्या बोटाचा ठसा होता. बारीक रेघा अजून दिसत होत्या. चिंधी हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे... मग डोळे मिटून पुसलं.

नवी पेस्ट लावली, जाळी बसवली, बटण दाबलं. पडद्यावर सगळं आलं. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता. एवढी शांतता या घरात मी कधी ऐकली नव्हती.

यजमान अंगणातून धावत आले. "बंद काहून केलं?"

"चालू आहे," मी म्हणाले.

त्यांचा विश्वास बसेना. वाकून त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. अकोल्याहून शालूला घरी आणलं तेव्हा त्यांनी तिच्या कपाळावर असाच हात ठेवला होता, आणि असाच मागे घेतला होता.

"गार लागून राह्यलं," ते म्हणाले. मग तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि पुन्हा डब्यावर हात टेकवला. "होईन... चालू राह्यलं का होईन थोडं गरम."

मी सतरंजीवरची चिंधी उचलली. काम नीट झालं होतं, ते आता तापणार नव्हतं.