सव्वाचार किलोंची बढाई

माझी मुलगी जन्मली तेव्हा सव्वाचार किलोंची होती, हे मरोळमध्ये ज्याला माहीत नाही तो मरोळचा नाहीच. मी ते भाजीवाल्याला सांगितलंय, मुलीच्या लग्नात विहीणबाईंना सांगितलंय, जुहूला शेवपुरी खाताना शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलंय. त्यामुळे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला तिचं जन्माचं वजन विचारलं, तेव्हा उत्तर मी दिलं.

मुलगी पस्तिशीची, पहिलटकरीण. सातवा लागला तशी माहेरी आली होती. त्या सकाळी तिला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतलं होतं.

"शुगर बघायची म्हणून साखरच पाजायची? झकास आहे!" मी म्हटलं.

"आई, गप बस ना."

आकडा एकशे चाळीसच्या आत हवा होता. आला एकशे शहाऐंशी. मी हसलेच. काडीसारखी पोर, हिला कुठली शुगर? यांचं मशीन बिघडलंय. तेवढ्यात तो वजनाचा प्रश्न आला.

"सव्वाचार किलो!" मी खुर्चीत सावरून बसले. "अख्खा वॉर्ड बघायला लोटला होता."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काकू, तेव्हा तुमची शुगर तपासली होती?"

"माझी कशाला? मी तर ठणठणीत होते."

"तहान फार लागायची?"

आता काय सांगू? त्या वेळची मी म्हणजे नमुनाच होते. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे, वर कोकम सरबत, आणि दर थोड्या वेळाने चाळीच्या टोकाच्या संडासाकडे वरात. सासूबाई म्हणायच्या, "खा गो, दोन जिवांची आसस," की मी खाज्याचं ताट पुढे ओढायचे. गुळात घोळलेलं ते खाजं मी खाताना बाकीच्यांना वासही मिळत नसे. गाल फुगले, मान काळवंडली, तर मी आरशासमोर म्हणायचे, तेज आलंय. तेज कसलं, डोंबल!

"लागायची," मी पुटपुटले.

"बाळ लगेच जवळ दिलं होतं?"

"नाही. दोन दिवस काचेच्या पेटीत होतं." हीसुद्धा माझी आवडती गोष्ट. माझी राणी पेटीत झोपली होती, नळीने साखरपाणी पीत होती, असं मी रंगवून सांगायचे.

"थरथरत होतं का? सुस्त होतं?"

मी मान डोलावली.

त्यांनी शांतपणे सांगितलं. आईच्या रक्तातली जास्तीची साखर पोटातल्या बाळाला पोचते, म्हणून ते असं फुगतं. ती साखर जिरवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन बनवत राहतं. नाळ कापली की आईकडची साखर बंद, इन्सुलिन मात्र चालूच. मग बाळाचीच साखर धाडकन खाली येते. "वेळेवर कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून निभावलं," त्या म्हणाल्या.

एवढी वर्षं मी ज्याचा तोरा मिरवला, तो आजार होता. माझी राणी त्या पेटीत झोपली नव्हती, ती जाता जाता वाचली होती. आणि मी तिकडे बायकांना वजन सांगत बसले होते.

मुलीने पोटावर हात ठेवला. "मग माझं बाळ?"

"म्हणून तर आता शोधून काढलंय. खाणं बदला, जेवणानंतर चाला, बोटाला टोचून आकडा बघा. दोन आठवड्यांत खाली आलं नाही तर इन्सुलिन देऊ, बाळाला त्याचा त्रास नाही. आणि काकू, उद्या उपाशीपोटी तुम्हीही या."

माझी शुगर किती निघाली ते विचारू नका. गोळी चालू आहे.

घरी डोहाळजेवणाच्या करंज्या तळून तयार होत्या. त्या मी शेजारी वाटून टाकल्या. शेजारीण म्हणाली, "पोटुशीला उपाशी मारतेस काय गं?" मी दुसऱ्या कुणाच्या घरी असते तर हेच म्हटलं असतं, तेही मोठ्याने. आमच्याकडे मात्र नाचणीची अर्धी भाकरी, माशाचं कालवण, भरपूर भाजी आणि भात नावापुरता. जेवण झालं की लेक पुढे, मी मागे, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर फेऱ्या. ती चिडायची, "तू काय वॉचमन आहेस का?" आकडे हळूहळू उतरले. सकाळचा तेवढा हट्टी निघाला. त्याच्यासाठी इन्सुलिन लागलंच. पहिली सुई तिने स्वतः टोचून घेतली, डोळे मी मिटले.

दिवस भरले आणि मुलगी झाली. पावणेतीन किलोंची. खणखणीत रडली. तिला लेकीच्या छातीशी दिली. थोड्या वेळाने नर्स आली आणि तिने त्या एवढ्याशा टाचेला सुई लावली.

"अगं ए! काय करतेस?"

"शुगर बघते, आजी."

मशीनवर आकडा यायला काही क्षणच लागतात म्हणे. मला ते संपता संपेनात. लेक माझ्याकडे बघत होती, मी मशीनकडे.

"बरोबर आहे," नर्स म्हणाली. "पाजायला घ्या. थोड्या वेळाने पुन्हा बघू."

"पुन्हा टोचणार?" लेकीने बाळाला आणखी जवळ ओढलं.

"टोचू दे," मी म्हटलं, आणि त्या टाचेवर कापूस दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं, पण मला हात काढवेना.